दुसरं पाणी

बडोद्यात गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर गेल्या वर्षीपासून एक पाटी आहे. फेरीवाले, वर्गणीवाले आणि धर्मप्रचारक यांना आत प्रवेश नाही, असं तिच्यावर गुजरातीत लिहिलंय. फेरीवाले रोज येतात, भाजीवाली तर थेट माझ्या ओट्यावर टोपली उतरवते. वर्गणीवाले आमच्याच सोसायटीतले आहेत. राहता राहिले धर्मप्रचारक, तर तसं कुणी इथे कधी फिरकलंच नव्हतं. येत होत्या त्या एकट्या सिस्टर सेलीन, आणि त्या येत त्या आमच्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायला आणि पाठीवरच्या जखमा धुवायला. पाटी त्यांच्यासाठी लावलीय हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझं अजून ती बघून डोकं फिरतं.

सिस्टर मूळच्या केरळातल्या, डोंगरातल्या कुठल्याशा गावच्या. घरी त्यांना त्रेस्यम्मा म्हणत. सेलीन हे नाव नन्सच्या संघात आल्यावर मिळालं. ऐन विशीत त्या बडोद्याला आल्या आणि इथेच केस पिकले. कॅनालच्या पलीकडे त्यांचा मठ आहे, त्याला जोडून एक छोटा दवाखाना. दवाखान्यात बसायचं काम दुसऱ्या सिस्टर करत. ह्यांचं काम घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना बघायचं. जुनी स्कूटी, डोक्यावर पांढरा रुमाल आणि रुमालावरून हेल्मेट, अशा अवतारात त्या जुन्या शहरातल्या मांडवीच्या पोळांपासून, म्हणजे चिंचोळ्या गल्ल्यांपासून, गोत्रीपर्यंत फिरत. दारात आल्या की हेल्मेट काढायच्या आणि स्कूटीच्या आरशात बघून रुमाल नीट करायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "भाभी, जन्म देवाला दिला. आरसा नाही दिला."

आमच्याकडे त्या आल्या सासूबाईंसाठी. सासूबाईंना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती आणि तिला धार होती. माहेर-सासर दोन्हीकडे संस्थानच्या फौजेतली माणसं, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. दोन नर्सा आठवड्याच्या आत पळाल्या. सिस्टर पहिल्या दिवशी आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मला बाटवायला आलीस काय गं?"

सिस्टर तोवर त्यांना कुशीवर वळवत होत्या. "आजी, तुम्हाला वळवताना माझी कंबर गेली," त्या म्हणाल्या. "धर्म वळवायला दुसरी कोणीतरी बोलवा."

सासूबाई हसल्या. आजारी पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

सिस्टरांची मराठी हा एक स्वतंत्र विषय होता. गुजराती त्यांना छान येई, हिंदी कामापुरती. मराठी मात्र त्या फक्त आजाऱ्यांपाशी शिकल्या होत्या. त्यामुळे 'कूस बदला', 'एक घोट घ्या', 'जरा धीर धरा', 'झालं हं, झालं' हे सगळं अस्खलित, आणि बाजारात कांदे मागायचे म्हटलं की गाडी अडायची. शिव्याही भरपूर येत, कारण म्हातारी माणसं कण्हताना शिव्या देतात. औषधं उशिरा आणणाऱ्या कंपाउंडरला त्या सरळ 'मेल्या' म्हणत. मी अर्थ सांगितला तर म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणून तर म्हणते."

गरीब गाय वगैरे त्या अजिबात नव्हत्या. ख्रिस्ती नन म्हणजे मंद हसणारी, हळू बोलणारी बाई अशी माझी समजूत होती, ती त्यांनी महिन्याभरात मोडून टाकली. जखम चिघळलेली दिसली की त्या घरच्या सुनेला फैलावर घेत. डॉक्टरांशी भांडत. देवाशीही भांडत. एखादं कोवळं माणूस तडफडून गेलं की दुसऱ्या दिवशी म्हणत, "आज मी त्याच्याशी बोलत नाही. प्रार्थनेला बसले, पण गप्प बसले." त्यांना दोनच गोष्टींचा शौक होता, झोंबणारी सेव-उसळ आणि दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी. उसळ त्या वर्षातले चाळीस दिवस, ईस्टरच्या आधीच्या उपासात, सोडत. भानगडी उपासात चालत असाव्यात.

एकदा सासूबाईंची पाठ पुसता पुसता मी विचारलं, "सिस्टर, घर सोडून इतक्या लांब यावंसं कसं वाटलं तुम्हाला? हाक आली म्हणतात, ती कशी येते?"

"कशी म्हणजे? आई सकाळी हाक मारते तशी. आपण डोक्यावर पांघरूण घेतो. ती मारत राहते. शेवटी वैतागून उठायचं." मग फडकं पिळत म्हणाल्या, "माझ्या आईला नव्हतं आवडलं. मी निघाले त्या दिवशी तिने मासे केले, माझ्या आवडीचे. माझ्या ताटात वाढले आणि आत जाऊन बसली. जेवायला नाही आली."

त्यांच्या आईच्या मरणाची बातमी आली तेव्हा त्या मांडवीत कुणाच्या तरी आजोबांना आंघोळ घालत होत्या. आंघोळ पुरी केली, कपडे घातले, मग मठात गेल्या. गाडी मिळून पोचेपर्यंत आईला माती दिली होती. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. त्यांच्या आवाजात काही बदल नव्हता, पण चहा तसाच राहिला.

आता शेलारकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू आमच्या शेजारच्या घरातल्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा अजित एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. काकू म्हणजे सोसायटीतल्या मराठी बायकांच्या पुढारी; विधवा असूनही हळदीकुंकवाचा करंडा त्यांच्याच हाती असे, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावरही आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालंच पाहिजे असा हट्ट त्यांच्याइतकाच काकूंचाही होता. त्या दिवशी बायका जमल्या आणि नेमक्या सिस्टर आल्या, सासूबाईंच्या ड्रेसिंगला. करंडा हातात घेऊन काकू त्यांच्यासमोर थबकल्या. हिला कुंकू लावायचं की नाही? सवाष्ण की कोण?

सिस्टरांनी बोटातली अंगठी पुढे केली. "लग्न झालंय माझं. ही बघा."

"आणि नवरा?" काकूंनी विचारलं.

"तेहतिसाव्या वर्षी गेले. तिसऱ्या दिवशी परत आले. आता तुम्हीच ठरवा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "परत आला ना? मग लाव की."

काकूंनी कुंकू लावलं. सिस्टर ते तसंच घेऊन मठात गेल्या आणि मदरसमोर उभ्या राहिल्या. मदर म्हणजे मठाच्या प्रमुख. आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची शिक्षा मिळाली. मी म्हटलं, "वाटेत पुसायचं ना." तर म्हणाल्या, "काकूंनी इतका विचार करून लावलं. वाटेत कसं पुसू?"

तेव्हापासून काकू आणि सिस्टर यांचं गूळपीठ जमलं. सासूबाई गेल्यावरही सिस्टरांची स्कूटी आमच्या गल्लीत थांबत राहिली, ती काकूंच्या दाराशी. आणि दोन वर्षांनी काकूंनाच पोटाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. सिस्टर रोज येऊ लागल्या.

अजित मुलगा वाईट नव्हता. पैसा ओतत होता, बाई ठेवली होती, भारीतला पलंग आणला होता. फक्त आईच्या खोलीत त्याला पाऊल टाकवत नसे. दारातून 'बरं वाटतंय ना?' विचारायचा आणि ती उत्तर द्यायच्या आत निघून जायचा. काकूंना हे कळत होतं. एके दिवशी मी तिथे बसले असताना त्यांनी सिस्टरांचा हात धरला.

"सिस्टर, शेवटी माझ्या तोंडात गंगा तू घाल. अजित नसेल. बापाच्या वेळी स्मशानातून पळाला होता तो. देवघरात गंगेचा गडू आहे, तो फोड. तुळशीचं पान ठेव."

"मी घालीन," सिस्टर म्हणाल्या.

"आणि तुझं काही म्हणू नकोस हं. राम म्हण."

"राम म्हणेन. माझं काही नाही म्हणणार. वचन."

नंतर त्या ओट्यावर येऊन हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, हे तुम्हाला चालतं का? त्या म्हणाल्या, "मदरला नाही चालणार. पण मरणाऱ्याने मागितलं ते द्यायचं, एवढंच मला येतं."

काकू गेल्या त्या दुपारी मी आजव्याला लग्नाला गेले होते. काय घडलं ते मला सिस्टरांनी सांगितलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा असेल असं मला वाटत नाही. काकूंना घरघर लागली तसं सिस्टरांनी अजितला हाक मारली. तो व्हरांड्यात होता. देवघरातून गडू घेऊन खोलीच्या दारापर्यंत आला, तिथेच थांबला आणि गडू सिस्टरांच्या हातात दिला. "तुम्हीच द्या," म्हणाला आणि परत व्हरांड्यात जाऊन बसला. सिस्टरांनी गडू फोडला, तुळशीच्या पानावरून काकूंच्या तोंडात पाणी सोडलं आणि त्यांच्या कानाशी राम राम म्हणत राहिल्या. काकू शांतपणे गेल्या.

समोरच्या घरातल्या एकाने हे खिडकीतून मोबाइलवर घेतलं होतं. पांढऱ्या कपड्यातली नन, पलंगावर मरणारी हिंदू बाई, ननच्या हातून पडणारं पाणी आणि तिचे हलणारे ओठ. आवाज नव्हता. तेराव्याच्या आधीच ते सोसायटीच्या ग्रुपवर आलं, आणि मग आणखी कुठे कुठे गेलं. पाणी शिंपडून काकूंना मरता मरता बाटवलं, असा बोभाटा झाला.

अजितला एका वाक्यात हे मिटवता आलं असतं. 'पाणी गंगेचं होतं आणि ते मीच सिस्टरांच्या हातात दिलं,' बस. पण तोवर तो फसला होता. गावाकडून भाऊबंद आले तेव्हा त्यांनी विचारलं, शेवटचं पाणी कुणी दिलं? एकुलत्या एका मुलाला दुसरं काय उत्तर देता येणार? तो म्हणाला, "मी दिलं. आई माझ्या हातून पाणी पिऊन गेली." चुलते रडले, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आता व्हिडिओत पाणी देताना दिसत होत्या त्या सिस्टर. तेव्हा अजितने आणखी एक पायरी खाली उतरायचं ठरवलं. "मी आईला गंगा दिली आणि डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेलो. त्यानंतर सिस्टरनी दुसरं काय पाणी दिलं, मला माहीत नाही."

गंगा मुलाने आधीच दिली असेल, तर मग ह्या बाईच्या हातातलं दुसरं पाणी कसलं? लोकांना एवढंच पुरलं.

सोसायटीची मीटिंग झाली. मी उठून सांगितलं की काकूंनी हे माझ्यादेखत सिस्टरांकडून कबूल करून घेतलं होतं. चेअरमन हसमुखभाई भला माणूस आहे, निदान तसा दिसतो. तो म्हणाला, "बेन, ए दिवसे तमे हता त्यां?"

"नव्हते. पण अजित होता. त्याला विचारा."

सगळ्यांनी अजितकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मी सांगितलं ते सांगितलं. आईचा विषय आता वाढवू नका, प्लीज." लोकांना वाटलं, दुःखात आहे बिचारा. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हसमुखभाई म्हणाले, "जुओ, अमने कोई वांधो नथी, पण वातावरण सारूं नथी." म्हणजे हरकत कुणाचीच नाही, फक्त वातावरण चांगलं नाही. आणि पाटीचा ठराव पास झाला.

कुणीतरी पोलिसांत अर्जही दिला. सिस्टरांना दोनदा बोलावलं, बाकावर बसवून ठेवलं. गुन्हा काही नोंदवला गेला नाही, कारण नोंदवण्यासारखं काही नव्हतंच. पण मठ घाबरला. मुलींचं वसतिगृह, दवाखाना, सगळं ह्या एका बाईपायी अडचणीत येईल, असं मदरना वाटलं. आणि त्यांना दुसराही राग होता. बाहेरच्यांचा आरोप होता की हिने ख्रिस्ती पाणी दिलं. मदरचा आरोप होता की हिने हिंदू पाणी का दिलं. एकाच घोटाबद्दल बाई दोन्हीकडून दोषी ठरली. मदरनी त्यांना केरळातल्या वृद्ध सिस्टरांच्या घरी जायचा हुकूम दिला. ह्या संघात शिरताना आज्ञापालनाची शपथ घेतलेली असते, तेव्हा का म्हणून विचारायची सोय नाही.

सिस्टरांना इथे मरायचं होतं. ते त्या पूर्वीपासून बोलून दाखवत. बडोद्याच्या कब्रस्तानात त्यांच्याबरोबर आलेली एक मैत्रीण आहे, तिच्या शेजारची जागा त्यांनी मनातल्या मनात धरून ठेवली होती. "तिकडे माझं कोण आहे?" त्या म्हणत. "तिथले म्हातारे मला ओळखत नाहीत. इथले ओळखतात. मी त्यांना आतून-बाहेरून धुतलंय." आता त्यांना अशा गावी पाठवत होते जिथे आई नव्हती, भाऊ नव्हते आणि ज्याला त्या अर्धं आयुष्य झालं 'घर' म्हणत नव्हत्या.

त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी मठात गेले. सामान म्हणजे एक बॅग आणि एक कापडी पिशवी. खोलीत भिंतीवर क्रूस होता, तो मठाचा, तो तिथेच राहणार होता. मी चिडून बोलत होते. अजितला भर रस्त्यात धरून विचारते वगैरे. त्या कपड्यांच्या घड्या करत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"भाभी, एक सांगू? मरणाऱ्यासाठी आमची एक प्रार्थना आहे. छोटीच आहे. इतकी माणसं माझ्या हातात गेली, प्रत्येकासाठी मी ती मनात म्हटली. कोणाला कळत नाही, कोणाचं काही जात नाही. काकूंसाठी नाही म्हटली. वचन दिलं होतं ना, माझं काही म्हणणार नाही म्हणून. मनातसुद्धा आली, तर मी ढकलून दिली. राम, राम, राम, एवढंच म्हटलं."

"मग चांगलंच केलं की."

"काय चांगलं? शिक्षा तर म्हटल्याचीच मिळाली." त्या पलंगावर बसल्या. "म्हणायला हवी होती. काकू माझी मैत्रीण होती. एकट्या तिलाच मी तशी पाठवली."

आणि त्या रडल्या. नाक लाल झालं, रुमाल एका बाजूला घसरला. मी आपली त्यांच्या कपड्यांच्या घड्या करत बसले.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. मठातून फक्त एक तरुण सिस्टर आली होती, ती सामान ठेवून गेली. मांडवीतली दोन-तीन घरं आली होती, एका मुसलमान म्हातारीचा मुलगा थेपले घेऊन आला होता. आमच्या सोसायटीतलं कोणी नव्हतं. केरळच्या गाडीला उशीर होता. सिस्टर बाकावर बसल्या होत्या आणि मांडवीतल्या एका घरच्या सुनेला पाठीच्या जखमेला काय लावायचं ते दरडावून सांगत होत्या.

आणि अजित आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, डोळे सुजलेले. मला पाहून क्षणभर अडखळला, पण आला. बाकी माणसं त्याला ओळखत नव्हती. तो सरळ सिस्टरांसमोर वाकला. त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"सिस्टर, मला माफ करा," तो म्हणाला. "मला त्या वेळी सुचलं नाही. काकांसमोर एकदा बोलून गेलो आणि मग... तुम्ही सगळं जाणता. आईसाठी तरी माफ करा."

"सोसायटीत सांगितलं?"

त्याने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

"मदरला? पोलिसांना? काकांना?"

"सिस्टर, काका आता म्हातारे झालेत. त्यांना हे कळलं तर..." त्याने बॉक्स परत मागे घेतला. "पण मला झोप लागत नाही. तुम्ही फक्त एकदा माफ केलं म्हणा."

मला वाटलं, आता त्या म्हणणार. त्यांच्या धर्मात तेच तर शिकवतात. मी मनातल्या मनात तयारीही केली की हे ऐकल्यावर आपण दोघांवरही चिडायचं. सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. जखम किती खोल आहे ते बघताना त्या तशाच बघत.

"अजितभाई, माफ करायला मला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "रोज करते. हसमुखभाईंना केलं. व्हिडिओवाल्याला केलं. मदरला जरा वेळ लागला, पण केलं. तुमचं अजून झालेलं नाही. झालं की कळवीन."

"कधी?" त्याने विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

"माहीत नाही."

गाडी आली. मांडवीवाल्यांनी सामान चढवलं, थेपले दिले, सुनेने डोळे पुसले. सिस्टरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "भाभी, कंबर सांभाळा." त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. अजित पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिथेच उभा होता. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर चालू लागला. बॉक्स काखेत धरून त्याने दोन्ही हात जोडले, आणि तसाच जोडलेल्या हातांनी लोकांना धक्के देत फलाटाच्या टोकाकडे जात राहिला. सिस्टर त्याच्याकडेच बघत होत्या. तोंड फिरवलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवरच्या कापडी पिशवीवर होते, आणि मला दिसत होत्या तोपर्यंत त्यांनी ते उचलले नाहीत.